इंग्रजीची तोंडी परीक्षा घ्या ना राजेहो

आपल्याकडच्या बीए, बीकॉमच्या पोट्ट्यांना इंग्रजी बोलता येत नाही म्हणून नोकरी लागत नाही, असं सगळेच म्हणतात. पण त्यांना बोलायला लावलं कोणी? महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे डिग्री हातात येईपर्यंत पोरगं १५ वर्षं इंग्रजीच्या तासाला बसून आलेलं असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. कंपल्सरी इंग्रजीच्या वर्गात शंभरावर नावं, धडा वाचायचा, मराठीत समजावायचा, उत्तरं लिहून द्यायची अन् पोरं तेच पेपरात उतरवतात. बारावीला निदान २० मार्कांची तोंडी तरी असते, इथं इंटर्नलची असाइनमेंट एक जण लिहितो अन् बाकीचे उतरवतात. बीएस्सीवाल्याला प्रॅक्टिकलशिवाय डिग्री भेटत नाही, मग बोलायच्या विषयाचं प्रॅक्टिकल काहून नाही?

माझी एक विद्यार्थिनी आहे, कॉमर्सची, टॅली येते, घरच्या कापसाचा सगळा हिशेब तीच ठेवते. नागपूरच्या इंटरव्ह्यूत तिनं पाठ केलेलं ‘माय नेम इज’ नीट सांगितलं, पुढं त्यांनी गावाबद्दल विचारलं अन् ती गप्प झाली. अहो, तिच्याजवळ सांगायला किती होतं! सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर ओलाव्यावरून भाव कसा पडतो, बोंडअळीच्या वर्षी घर कसं चाललं, खाजगी व्यापाऱ्याला कापूस कधी द्यायचा अन् कधी थांबायचं, हे तिला पक्कं माहीत आहे. ते इंग्रजीत चार वाक्यात सांगायची सवय आम्ही लावली नाही. २०२३-२४ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत ५१.२५ टक्के तरुणच नोकरीलायक असल्याचा अंदाज दिला होता, तो वाचताना मला हीच पोरगी आठवली.

माझं म्हणणं एवढंच की इंटर्नलचे मार्क तोंडीला द्या. दहा-दहाच्या बॅच करा, विषय त्यांच्या घरचेच द्या, पीक विमा, एसटीचा पास, जिनिंगमधलं काम. बोलताना मधात टोकू नका, चुका नंतर सांगा. वऱ्हाडी हेल आला तर येऊ द्या, त्यात काही वाईट नाही. अन् त्यासाठी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा, शंभर पोरांचं एकट्या माणसाकडून तोंडी होत नाही.

पुण्या-नागपुरात नोकरीला असलेले आपले जुने विद्यार्थी दिवाळीत गावी येतातच, एक दिवस कॉलेजात या, पोट्ट्यांचे खोटे इंटरव्ह्यू घ्या. येणार असाल तर कमेंटमध्ये तारीख टाका, वर्ग मी मागून ठेवतो.