जनुकांवर खापर फोडू नका

‘अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना मोठ्या आतड्याचा कर्करोग जास्त होतो, कारण तो त्यांच्या जनुकांतच आहे. आहार बदला, तपासण्या करा, फरक पडत नाही.’ असा दावा सध्या जोरात फिरतो आहे. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. गोऱ्यांपेक्षा त्यांच्यात हा रोग सुमारे २० टक्के आणि त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त आहेत. पुढचं मात्र चुकीचं आहे आणि जिवावर बेतणारंही.

‘जनुकांतच आहे.’ लिंच सिंड्रोमसारखे आनुवंशिक दोष असतात, पण या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत लिंचचे जेमतेम ३ टक्के, आणि तो कोणत्याही वंशात आढळतो.

‘आहाराने फरक पडत नाही.’ आतड्याच्या रोगांचे संशोधक स्टीफन ओकीफ यांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे मुळापासून पाहायला हवा. आफ्रिकी अमेरिकनांत या कर्करोगाचं प्रमाण लाखामागे सुमारे ६५, तर ग्रामीण दक्षिण आफ्रिकेत ५ पेक्षाही कमी. संशोधकांनी दोन्हीकडच्या वीस-वीस निरोगी माणसांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांना भरपूर चोथा आणि कमी चरबी, आफ्रिकनांना नेमकं उलट. जनुकं तीच राहिली, आतडी बदलली. चोथा आंबवून जिवाणू ब्यूटिरेट बनवतात. आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. अमेरिकनांत ते अडीच पट झालं, आफ्रिकनांत निम्म्यावर आलं. चरबी पचवायला आलेल्या पित्तापासून जिवाणूच जी घातक आम्लं तयार करतात, ती अमेरिकनांत ७० टक्क्यांनी घटली आणि आफ्रिकनांत कित्येक पटींनी वाढली. अस्तराचा दाह आणि पेशींची वाढ यांच्या खुणाही तशाच उलटसुलट झाल्या. दोन आठवड्यांत कर्करोग टळतो, असं यातून सिद्ध होत नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. पण ‘फरकच पडत नाही’ हे मात्र यानंतर म्हणता येत नाही.

‘तपासणी व्यर्थ.’ कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेरा लावलेल्या नळीने मोठं आतडं आतून पाहण्याच्या तपासणीत, गाठ कर्करोग होण्याआधीच काढता येते. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याने विमा नसलेल्यांची तपासणी आणि उपचार यांचा खर्च उचलला, लोकांना तपासणीपर्यंत आणायला परिचारिका नेमल्या. २००२ ते २००९ या काळात कृष्णवर्णीयांतलं तपासणीचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ७४ वर गेलं, गोऱ्यांइतकंच. रोगाच्या प्रमाणातली तफावत मिटली, मृत्यूंमधली जवळजवळ संपली. सात वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत.