त्या ‘सिलिंडर बॉम्ब’ मेसेजमध्ये खरं किती?

हुरड्याचा मोसम जवळ आला की सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सोबत कुठल्याशा अमेरिकन घराच्या अंगणात, ग्रिलशेजारी पेटलेल्या टाकीचा व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा: सिलिंडरवरची एक्सपायरी डेट उलटली की तो बॉम्ब होतो, आपल्याकडच्या उन्हात सिलिंडर आपोआप फुटतो, म्हणून तो घरात जिन्याखाली ठेवा, गॅस संपत आला तर सिलिंडर आडवा करा किंवा गरम पाण्यात ठेवा, मोकळ्यावर ग्रिल लावलं की गळतीची चिंता नाही, आणि आग लागलीच तर ओली सोलापुरी चादर टाका, विषय संपला. शेवटी अर्थातच, ‘दहा जणांना पाठवा’.

सगळं साफ खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण यात थोडं खरं आहे, आणि त्या खऱ्याच्या आडून अगदी धोक्याचे सल्ले घरोघरी पोचतायत. हल्ली जुळे सोलापुरात टेरेसवर बार्बेक्यू होतात, शेतात हुरडा भाजायच्या आगटीच्या जोडीला गॅसचं ग्रिल येतं. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त स्वयंपाकघराचा उरलेला नाही.

आधी तो व्हिडिओ. त्यातली टाकी प्रोपेनची आहे, साधारण नऊ किलोची. आपल्याकडे सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण येतं. तिकडच्या टाकीला जास्तीचा दाब सोडून देणारी झडप असते, जास्त गॅस भरू न देणारी यंत्रणा असते, आणि जोडणीचे आटे वेगळे असतात. व्हिडिओत वरून जी आगीची चिळकांडी उंच उडताना दिसते, ती बहुतेक वेळा त्याच झडपेतून निघत असते. टाकी फुटू नये म्हणून झडप गॅस बाहेर टाकते आणि तो पेटतो. म्हणजे ‘टाकी फुटली’ म्हणून जे दाखवतात, ते टाकी न फुटण्याचं दृश्य असतं.

आता तारीख. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरून असलेल्या पट्ट्यांपैकी एकीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. डी-२७ असेल तर डिसेंबर २०२७ पर्यंत. ही तारीख पुढच्या सक्तीच्या तपासणीची आहे. नवा सिलिंडर दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासतात. पास झाला की नवी तारीख रंगवून पुन्हा फिरतीवर. गॅस काही श्रीखंड नाही की तारीख उलटली आणि आंबला.

तरी तारीख बघायची का? बघायचीच. उलटलेल्या तारखेचा सिलिंडर दारात आला तर तो परत करा, बदलून मागा. आणि एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या ध्यानात आलेली नाही. रोजच्या वापरातला सिलिंडर महिना-दोन महिन्यांत बॉटलिंग प्लांटला परत जातो, तिथे त्याच्याकडे नजर जाते. पार्टीपुरता म्हणून घेतलेला छोटा सिलिंडर मात्र माळ्यावर किंवा फार्महाउसच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून असतो. बुडाला गंज, व्हॉल्व्हमध्ये धूळ, आतली रबरी रिंग कडक झालेली. तारीख वाचायची खरी गरज तिथे आहे.

उन्हाचा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि गच्चीवर ठेवलेल्या लोखंडाला हात लावायची सोय नसते. पण सिलिंडर बनवताना हे ऊन धरलेलंच असतं. ६५ अंश तापमानाला आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १७ किलोच्या आसपास जाईल असं मानून तो बनवतात आणि २५ किलोच्या दाबावर तपासतात. शिवाय तो काठोकाठ भरत नाहीत. १४.२ किलोच्या सिलिंडरच्या पोटात जागा असते ३३.३ लिटर, आणि गॅस द्रवरूपात भरतो साधारण २६ लिटर. वरची मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण तापल्यावर द्रव एलपीजी पाण्याच्या मानाने कितीतरी जास्त फुगतो.

इथे एक फाटा फुटतो, आणि माझ्या मते साऱ्या मेसेजमध्ये जे हवं होतं आणि नाही ते हेच. प्लांटमध्ये भरलेला सिलिंडर उन्हाला पुरून उरतो. गल्लीबोळात मोठ्या सिलिंडरमधून नळीने छोट्यात ‘मारून’ दिलेला गॅस मात्र मोजून भरलेला नसतो. भरणारा अंदाजाने भरतो, गिऱ्हाइकाला खूश करायला दोनशे-चारशे ग्रॅम जास्तही घालतो. थंड संध्याकाळी तो भरला, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीच्या डिकीत तापला, आत फुगायला जागाच उरली नाही, तर दाब असा चढतो की कुठलंही पोलाद टिकणार नाही. तसा सिलिंडर खरोखर फुटू शकतो. त्यात अशा छोट्या शेगडीच्या सिलिंडरांवर बरेचदा मानकाचा शिक्काही नसतो. पाच किलोचा सिलिंडर तेल कंपन्यांचे वितरक आणि काही पेट्रोल पंप ओळखपत्रावर देतात. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ त्यातलाच. थोडे पैसे वाचवायला गल्लीतून भरून आणायची काय गरज आहे, मला खरंच कळत नाही.

आणि ‘उन्हात नको म्हणून जिन्याखाली ठेवा’ हा सल्ला तर उफराटाच. एलपीजी हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. गळला की वर उडून जात नाही. पाणी जसं उतार धरून खाली जातं तसा तो जमिनीलगत सरकतो आणि खोलगट जागेत साचतो. जिन्याखालची बंद जागा, तळघर, खाली पार्किंगमधली इन्व्हर्टरची खोली या त्याच्या मुक्कामाच्या जागा. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते. किलोभर गळालेला गॅस दहा बाय दहाची खोली पेटण्याजोगी करायला जवळपास पुरा पडतो, आणि ठिणगी म्हणजे लाइटचं बटण दाबलं तरी झाली. ‘सिलिंडर फुटला’ अशी बातमी येते, भिंती पडलेल्या दिसतात, तेव्हा कितीतरी वेळा सिलिंडर तिथेच उभा, शाबूत सापडतो. फुटलेली असते ती खोलीत साचलेली हवा आणि गॅस. म्हणून ग्रिलचा सिलिंडर बाहेर, सावलीत, उभा, सपाट जागेवर, आणि वारा खेळेल असा ठेवायचा. जास्तीचा भरलेला सिलिंडर ग्रिलखालच्या कप्प्यात ठेवू नका.

गॅस संपत आल्यावर सिलिंडर आडवा करण्याबद्दल फार लिहीत नाही. उभ्या सिलिंडरमधून वाफ निघते, आडव्यातून द्रव. रेग्युलेटर वाफेसाठी केलेला असतो. त्यातून द्रव गेला तर एका लिटरचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो आणि बर्नरवर भडका उडतो. गरम पाणीही नकोच. थंडीत रात्री मोठ्या आचेवर ग्रिल चालू असलं की सिलिंडर बाहेरून गार पडतो, कधी दव धरतो, आच मंदावते. द्रवाची वाफ होताना उष्णता लागते, ती तो स्वतःच्याच अंगातून घेतो, एवढंच त्याचं कारण. आच थोडी कमी करा, सिलिंडरला दम खाऊ द्या. उकळतं पाणी ओतणं आणि खाली निखारे सरकवणं हे दोन्ही मी लोकांना हसत हसत करताना पाहिलंय. किती उरलाय हे कळायला वजनकाटा पुरतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलंच असतं.

‘मोकळ्यावर चिंता नाही’ हे निम्मं खरं आहे. वारं असेल तर गळलेला गॅस पसरून विरतो. पण आपण मोकळं कशाला म्हणतो? टेरेसला चारी बाजूंनी कठडा असतो, वर ताडपत्री, बाजूला पडदे. शेतात तर त्याहून अवघड, कारण हुरड्याची आगटी म्हणजे जमिनीतला खड्डा आणि त्यात गोवऱ्यांचा विस्तव. जड गॅसला याहून सोयीची जागा नाही. ग्रिल आणि सिलिंडर आगटीपासून चांगले लांब लावा, आणि आगटीच्या वरच्या उताराला तर नकोच. संध्याकाळी माळावर वारं सुटतं, त्याने ग्रिलची आच विझते आणि गप्पांच्या नादात कुणाच्या लक्षात येत नाही. विझल्यावर लगेच काडी ओढायची नाही. नॉब बंद, झाकण उघडं, पाच मिनिटं थांबायचं. पेटवतानाही झाकण आधी उघडायचं. बंद झाकणाखाली साचलेला गॅस पेटला तर पहिल्यांदा भुवया जातात. पाऊस आला म्हणून पेटलेलं ग्रिल पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये ओढणंही तितकंच वाईट, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याने. व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, सगळीकडे फेस लावा. बुडबुडे आले तर ग्रिल पेटवायचं नाही. आगपेटीची काडी फिरवून बघणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून विनंती. नळी मानकाचा शिक्का असलेली, आत तारेची जाळी असलेली घ्या आणि पाच वर्षांनी बदला. तडा दिसला तर त्याआधीच. बाहेरून मागवलेल्या ग्रिलचे आटे आपल्या सिलिंडरला बसत नाहीत, मग कुणीतरी भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर आणि दोन क्लिपा लावून ‘चालतंय की ओ’ म्हणतो. घरगुती ग्रिलचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, कमी दाबासाठी असतात. विकत घेतानाच दुकानदाराला विचारा, भारतातल्या कमी दाबाच्या रेग्युलेटरवर चालतं का. सरळ उत्तर आलं नाही तर पुढचं दुकान बघा.

राहिली चादर. अग्निशमन दलाची माणसं प्रात्यक्षिकात सिलिंडरच्या तोंडाशी पेटलेली आग ओल्या कापडाने विझवून दाखवतात, ते खरं आहे. आपली सोलापुरी चादर सुती, पाणी धरणारी, तेव्हा या कामाला ती मिंकच्या कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटपेक्षा नक्कीच बरी. पण प्रात्यक्षिकात पुढची पायरी असते ती मेसेजमध्ये गाळलेली आहे: आच विझताच गॅस बंद करणं. तो बंद झाला नाही, तर विझलेल्या आगीच्या जागी न दिसणारा गॅस पसरत राहतो आणि चार हातांवर आगटी धगधगत असते. म्हणून आधी रेग्युलेटरचा नॉब. हात पोचत असेल तर तो बंद करा, रेग्युलेटर काढून दोरीला बांधलेली टोपी व्हॉल्व्हवर दाबून बसवा. हात पोचत नसेल, ज्वाळा सिलिंडरच्याच अंगावर येत असतील, तर चादरही नको आणि पाण्याची बादलीही नको. पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन लांब जा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. आग नाही, नुसता वास येतोय, तर १९०६ हा गॅस गळतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन मात्र सिलिंडरपासून दूर जाऊन करा.