ऑलिव्ह कुणी खाल्ले आणि श्रेय कुणाला

थर्टी-फर्स्ट जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. यंदा आतेभावाने टाकला. मजकूर थोडक्यात असा: रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली. फ्रेंच लोक लोणी-चीज चापतात तरी त्यांना हार्ट अटॅक कमी येतात. द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल नावाचं हृदयाला चांगलं द्रव्य असतं. लाखो लोकांच्या सर्व्हेत सिद्ध झालंय की अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणारे जास्त जगतात. आणि शेवटी, डोळा मारणाऱ्या इमोजीसह, ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’.

फ्रेंचांचं आधी उरकतो. १९९१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाने ही गोष्ट सांगितली आणि तिथे रेड वाइनचा खप एकदम वाढला. पण फ्रेंच माणूस अमेरिकन माणसापेक्षा फक्त वाइनमुळेच वेगळा आहे का? तो चालतो किती, ताटात घेतो किती, जेवायला वेळ किती देतो, सगळंच वेगळं. दोन देश शेजारी ठेवून त्यातली नेमकी वाइन तेवढी उचलता येत नाही.

रेस्व्हेराट्रॉल एका ग्लासात फार तर एक-दोन मिलिग्रॅम असतं. माणसांवरच्या चाचण्यांत ते शेकडो मिलिग्रॅम दिलं जातं. तेवढं वाइनमधून मिळवायचं तर पिपंच लागेल. शिवाय या विषयावर ढिगाने पेपर लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांच्या कामात विद्यापीठाच्या चौकशीला बनावट किंवा फेरफार केलेल्या माहितीची १४५ प्रकरणं सापडली. हे २०१२चं.

आता सर्व्हेचा मुद्दा. मेसेजमधला हाच खरा वजनदार भाग, आणि तो धादांत खोटा नाही. आकडेवारीत मृत्यूच्या धोक्याचा तसा आलेख खरंच दिसतो: न पिणारे थोडे वर, थोडी पिणारे खाली, भरपूर पिणारे पुन्हा वर. प्रश्न एवढाच की ‘न पिणारे’ म्हणजे कोण?

आमचे एक काका. वीस वर्षं रोज संध्याकाळी दोन लार्ज. मग कावीळ झाली, डॉक्टरांनी दम भरला, बाटली सुटली. उद्या सर्व्हेवाली बाई दारात आली आणि ‘गेल्या बारा महिन्यांत दारू घेतली का?’ असं विचारलं, तर काका छातीठोकपणे ‘नाही’ म्हणतील. ते खरंही असेल. झाले ते निर्व्यसनी, बसले माळकरी आजोबांच्या रांगेत. पुढे त्यांचं लिव्हर बिघडलं तर ते न पिणाऱ्यांच्या खात्यात जमा होणार. ब्रिटनमध्ये शेपर आणि सहकाऱ्यांनी १९८८ सालीच हे दाखवून दिलं होतं: तब्येत बिघडली म्हणून सोडणारे या गटात मिसळतात आणि गटच आजारी दिसायला लागतो. त्यात आणखी एक भर. युरोपात अजिबात न पिणारे कमीच. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या पुरुषांत सुमारे १९ टक्के आणि बायकांत जेमतेम १ टक्का पितात. तिकडचा अपवाद आणि इकडचा सर्वसाधारण माणूस एकाच मापाने कसे मोजायचे?

बरं, थोडी पिणारे कोण? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी लोकांना काही विचारलंच नाही, सुपरमार्केटची बिलं तपासली, तब्बल ३५ लाख. २००६च्या या अभ्यासात वाइन घेणाऱ्यांच्या पिशवीत ऑलिव्ह, फळं, भाज्या, चिकन, कमी फॅटचं चीज निघालं. बिअरवाल्यांच्या पिशवीत तयार जेवण, साखर, चिप्स, लोणी, कोल्ड्रिंक. मला हा अभ्यास फार आवडतो. माणूस सर्व्हेत स्वतःबद्दल काहीही सांगेल, बिल खोटं बोलत नाही. वाइन पिणारा जास्त जगला तर श्रेय वाइनचं, भाजीचं की ही सगळी पिशवी परवडणाऱ्या पगाराचं?

याची गाठ सोडवायचा एक झकास मार्ग चीनमध्ये सापडला. तिथे अनेकांच्या जनुकांत असा फरक असतो की दारू घेतली की तोंड लाल होतं, मळमळतं. म्हणून ते जन्मतःच कमी पितात. त्यात पगाराचा किंवा आजारपणाचा संबंध नाही. ५ लाखांवर लोकांच्या त्या अभ्यासात (‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक, २०१९) लोकांनी स्वतः सांगितलेल्या सवयींवरून तोच ओळखीचा वाकडा आलेख आला. जनुकांवरून पाहिलं तेव्हा वाक नाहीसा झाला: दारू वाढली तसा पक्षाघाताचा धोका सरळ वर. हार्ट अटॅकबाबत ना फायदा दिसला, ना ठळक तोटा.

राहिलं ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा द्यायचं ठरवलं तेव्हा हे वाक्य गाजलं होतं. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या बाजूने बोलायचं तर अवश्य बोला, पण हिशेब असा आहे: १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा स्मॉल म्हणजे साधारण १०.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. आतेभावाचं उत्तर आलं, ‘मग नुसते ऑलिव्ह खाऊ का?’

तेही त्या बिलांवरून सांगता येत नाही.