विनिपेगमध्ये कोणी घडतच नाही म्हणे!

कॅनडात यायच्या तयारीत असलेल्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपांवर विनिपेगबद्दल, म्हणजे मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीबद्दल, एक फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. थोडक्यात असा: “मॅनिटोबाचा अर्ज करताय? विनिपेगचा विचार सोडा. आठ महिने बर्फ, मुलं घरात कोंडलेली. त्या गावातून ना धड कलाकार निघाला, ना खेळाडू. जी दोन-चार नावं सांगतात ती एकतर बाहेरची, नाहीतर शहर सोडल्यावर मोठी झालेली. कला हवी तर टोरोंटो-माँट्रियल. विनिपेगमध्ये हॉकी सोडून काही नाही, आणि हॉकी आपल्या मुलांच्या नशिबी नाही.” खाली हात जोडलेले आणि सही ‘एक अनुभवी’.

थंडीबद्दल कोणी कुरकुर केली तर मी बिनबोभाट मान डोलावते. जानेवारीतल्या रात्री पारा सर्रास उणे वीसच्या खाली जातो, त्याचं कौतुक कोणाला सांगू नये. बाकीची विधानं मात्र एकेक करून बघायला हवीत, कारण लोक ती वाचून खरंच निर्णय घेतात.

“आठ महिने बर्फ, मुलं घरात कोंडलेली”

बर्फ साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पाच महिने. आठ नव्हे. आणि मुलं कोंडलेली म्हणणाऱ्याने एकदा संध्याकाळी कुठल्याही कम्युनिटी सेंटरच्या मागे जाऊन उभं राहावं. लाकडी फळ्यांचं कुंपण, वर दिवे, आत रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी गोठवलेलं अंगण. हे रिंक मशिनने नाही, बऱ्याच ठिकाणी मोहल्ल्यातली माणसंच तयार करतात: थंडी नीट पडली की रात्री पाइप घेऊन थरावर थर पाणी मारायचं, एक थर गोठला की दुसरा. शेजारी एक तापवलेली खोली, जमिनीवर रबरी मॅट (स्केट्सच्या पात्यांनी लाकूड कापलं जाऊ नये म्हणून), बाकांखाली बुटांचा ढीग, ओल्या लोकरी मोज्यांचा वास. पोरं बोटं बधिर होईपर्यंत खेळतात, आत येऊन हात शेकतात, परत बाहेर पळतात. काही घरांत तर मागच्या अंगणातच बाप पाणी मारून रिंक करतो. जोनाथन टेव्झ अशाच अंगणातल्या बर्फावर शिकला. पुढे शिकागो ब्लॅकहॉक्स या हॉकी संघाचा कर्णधार म्हणून त्याने 2010, 2013 आणि 2015 असे तीन स्टॅन्ली कप (एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगचा विजयचषक) उचलले, शिवाय 2010 आणि 2014 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं.

पण या मुद्द्यावर माझा खरा साक्षीदार हॉकीपटू नाही. 2006 च्या तुरीन हिवाळी ऑलिंपिकमधली महिलांची 5000 मीटर स्पीड स्केटिंगची शर्यत बघा. सुवर्ण क्लारा ह्यूजला, कांस्य सिंडी क्लासेनला, मध्ये रौप्यपदकावर जर्मनीची क्लाउडिया पेखश्टाइन. दोन्ही कॅनेडियन बायका जन्माने विनिपेगच्या. 2021 च्या जनगणनेत विनिपेगची वस्ती जेमतेम साडेसात लाख होती, म्हणजे आपल्या सोलापूरहून लहान शहर, आणि एका ऑलिंपिक शर्यतीच्या तीनपैकी दोन पदकं त्याच्या लेकींकडे.

क्लासेन तर मुळात हॉकी खेळायची. 1998 च्या नागानो ऑलिंपिकसाठी महिला हॉकीच्या संघात तिला घेतलं नाही, तेव्हा ती वेगळे स्केट्स बांधून स्पीड स्केटिंगकडे वळली. चार वर्षांत सॉल्ट लेक सिटीला 3000 मीटरचं कांस्य, आणखी चार वर्षांनी तुरीनला पाच पदकं. एकाच ऑलिंपिकमध्ये पाच पदकं मिळवणारी ती पहिली कॅनेडियन. (फॉरवर्डला उत्तर म्हणून काही उत्साही मंडळी ‘पाच सुवर्ण’ लिहितात. पाचात सुवर्ण एकच, 1500 मीटरचं. आपल्या बाजूचं खोटंही खोटंच.) ह्यूजची गोष्ट आणखी चमत्कारिक: 1996 च्या अटलांटा उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची दोन कांस्यं, आणि मग 2002, 2006, 2010 अशा तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्केटिंगची चार पदकं. या दोघींच्या आधी सुझन ऑख होती, 500 मीटरमध्ये 1994 आणि 1998 अशी लागोपाठ दोन रौप्यं. कोंडलेल्या मुलांच्या शहराला हे कसं जमलं, ते ‘एक अनुभवी’ यांनी सांगावं.

“शहर सोडल्यावर मोठी झाली”

यात अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटकन पटतं. क्लासेन आणि ह्यूज पुढच्या तयारीसाठी कॅल्गरीला गेल्या, कारण 1988 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं बंदिस्त ओव्हल, म्हणजे स्पीड स्केटिंगची लंबगोल धावपट्टी, तिथे आहे. पण कोल्हापूरच्या तालमीत घडलेला पैलवान दिल्लीत कुस्ती मारून आला, तर तालीम खोटी ठरत नाही.

टेव्झच्या बाबतीत तर हा आरोप हास्यास्पद आहे. एनएचएलमध्ये खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडूला निवडतो, आणि 2006 साली शिकागोने त्याला निवडलं. त्या वर्षी विनिपेगमध्ये एनएचएलचा संघच नव्हता! जुना जेट्स संघ 1996 मध्ये फीनिक्सला नेला गेला, नवा आला तो 2011 मध्ये. मग या मुलाने घरी राहून खेळायचं तरी कुठे? आजारपणामुळे दोन हंगाम मैदानाबाहेर राहिल्यावर 2025 मध्ये त्याने करार केला तो विनिपेग जेट्सशीच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं समजू.

न सोडता मोठे झालेलेही आहेत. ‘द गेस हू’ हा बँड विनिपेगचा. रँडी बॅकमन आणि बर्टन कमिंग्ज ही दोन्ही इथलीच पोरं. 1970 मध्ये त्यांचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा बँडचं घर विनिपेगच होतं. ज्या जुन्या नाट्यगृहाला आज कमिंग्जचं नाव आहे, ते भर शहरात उभं आहे.

“नील यंग तर टोरोंटोचा”

हा मुद्दा फॉरवर्डच्या खाली कोणीतरी जोडलेला असतो, विजयी मुद्रेने. या रॉक गायकाचा जन्म टोरोंटोचा, 1945 चा, मान्य. पण आईवडील वेगळे झाल्यावर तो आईबरोबर विनिपेगला आला आणि त्याचे कोवळे दिवस इथे गेले. केल्विन हायस्कूल अर्धवट सोडलं ते इथे, ‘द स्क्वायर्स’ हा बँड जमवला तो इथे, आणि 1963 मध्ये पहिली रेकॉर्ड केली ती इथल्याच सीकेआरसी रेडिओ स्टेशनात.

मग एवढ्याशा गावात एवढे बँड एकाच वेळी कुठून आले? उत्तर पुन्हा त्या कम्युनिटी क्लबांपाशी येतं. ज्या इमारतीत हिवाळ्यात पोरं स्केट्स बांधायची, तिथेच शनिवार-रविवारी किशोरवयीन मुलांसाठी नाच व्हायचे, आणि नाचाला बँड लागायचा. जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात क्लब, म्हणजे नवशिक्या बँडलाही वाजवायला जागा आणि समोर तोंडावर सांगणारे श्रोते. दुसरं कारण भूगोलाचं: सपाट माळरान, रात्री रेडिओच्या लहरी लांबवर पोचायच्या, आणि ही मुलं उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन दूर अमेरिकेतली स्टेशनं ऐकायची. तिसरं कारण एक माणूस. लेनी ब्रो, जॅझ गिटारवादक, अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मलेला आणि पोरवयात विनिपेगला आलेला. बॅकमन त्याच्याकडे जाऊन शिकला. ‘बाहेरच्या’ माणसाने ‘इथल्या’ पोराला घडवलं, तेव्हा आता श्रेय कोणत्या गावाच्या खात्यात टाकायचं?

जन्मदाखल्यावर हिशेब करायचा तर तो उलटही करावा लागतो. विनिपेगप्रेमींच्या याद्यांत ॲना पॅक्विन आणि डिअ‍ॅना डर्बिन या अभिनेत्रींची नावं हमखास असतात. पहिली वाढली न्यूझीलंडमध्ये, दुसरीला तान्ही असतानाच कॅलिफोर्नियात नेलं. ही दोन्ही नावं मी खुशाल गाळते. त्याऐवजी कॅरल शील्ड्स घेते: जन्म अमेरिकेतल्या इलिनॉयचा, पण 1980 पासून वीस वर्षं विनिपेगमध्ये, आणि 1995 चं पुलित्झर मिळालं ते इथे राहून, मॅनिटोबा विद्यापीठात शिकवत लिहिलेल्या कादंबरीला.

“कला हवी तर टोरोंटो-माँट्रियल”

कॅनडातली सगळ्यात जुनी बॅले कंपनी विनिपेगची आहे. ग्वेनेथ लॉइड आणि बेटी फॅरली या इंग्लंडहून आलेल्या दोन शिक्षिकांनी ती 1939 मध्ये सुरू केली; टोरोंटोची नॅशनल बॅले त्यानंतर बारा वर्षांनी, 1951 मध्ये आली. 1953 मध्ये विनिपेगच्या कंपनीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि पुढच्याच वर्षी आगीत कपडे, पडदे, सगळं जळून गेलं. तरी कंपनी उभी राहिली. तिच्या शाळेत शिकायला टोरोंटोत जन्मलेली एव्हलिन हार्ट आली आणि 1980 मध्ये बल्गेरियातल्या वार्नाच्या स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन गेली. फॉरवर्डच्या सल्ल्याच्या बरोबर उलटा प्रवास.

चित्रकलेत तर विनिपेगने देशाला वळण दिलं. डॅफ्नी ओजिग या ओडावा-पोटावाटोमी चित्रकर्तीने सत्तरच्या दशकात इथे स्वतःचं दुकान आणि गॅलरी चालवली. मूलनिवासी चित्रकारांची कामं तेव्हा कलादालनांत नव्हे, मानववंशशास्त्राच्या संग्रहालयांत टांगली जायची. ओजिग धरून सात जणांनी 1973 मध्ये आपली संघटना केली. नॉर्व्हल मॉरिसो आणि जॅक्सन बियर्डी त्यातलेच. आज विनिपेग आर्ट गॅलरीला जोडून 2021 मध्ये उघडलेलं ‘कौमायुक’ हे केंद्र आहे, समकालीन इन्युइट (आर्क्टिकमधल्या मूलनिवासींच्या) कलेचा जगातला सगळ्यात मोठा सार्वजनिक संग्रह तिथे आहे. चित्रपट दिग्दर्शक गाय मॅडिनने आपल्या गावावर, त्याच्या झोपाळू थंडीवर, अख्खा चित्रपट केला, तो वेगळाच.

“हॉकी सोडून काही नाही, आणि हॉकी आपल्या मुलांच्या नशिबी नाही”

पहिला भाग चटकन निकालात निघतो. जेनिफर जोन्सच्या कर्लिंग (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) संघाने 2014 मध्ये सोचीत एकही सामना न हरता सुवर्ण जिंकलं. डेझिरे स्कॉट फुटबॉलमध्ये दोन कांस्यं आणि टोकियोचं सुवर्ण मिळवलेल्या कॅनडाच्या संघातली. स्कायलर पार्कने 2024 मध्ये पॅरिसला तायक्वांदोत कांस्य घेतलं. तिचा प्रशिक्षक तिचा बापच, घरचीच अकादमी. टॉड मॅकलॉक एनबीएत खेळला आणि निवृत्तीनंतर पिनबॉलच्या स्पर्धा गाजवू लागला, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

दुसरा भाग मात्र झटकून टाकता येत नाही. हॉकीचं सामान आणि बर्फावरचा वेळ महाग आहे, हे कोणताही पालक सांगेल. आणि बाहेरून आलेल्यांना दार बंद असायचं, हेही या शहराच्या इतिहासात आहे. ऑलिंपिकमधलं आइस हॉकीचं पहिलं सुवर्ण 1920 मध्ये अँटवर्पला विनिपेग फाल्कन्सने जिंकलं. एक सोडून बाकी सारे आइसलँडहून आलेल्या कुटुंबांतले. शहरातले प्रस्थापित संघ त्यांना आपल्या लीगमध्ये घेत नव्हते, म्हणून त्यांनी वेगळ्या लीगमध्ये खेळून वाट काढली. पहिल्या महायुद्धात संघातले दोन जण मारले गेले. उरलेले परतले, पुन्हा संघ बांधला, आणि अंतिम सामन्यात स्वीडनला 12-1 ने हरवलं.

याहून कडू गोष्ट 1967 ची. पॅन अमेरिकन खेळ, म्हणजे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धा, विनिपेगला होते. दहा मूलनिवासी तरुणांनी अमेरिकेतल्या सेंट पॉलपासून सुमारे आठशे किलोमीटर धावत ज्योत आणली, आणि स्टेडियमच्या दाराशी ती त्यांच्याकडून काढून एका गोऱ्या धावपटूच्या हाती दिली. त्यांना आत सोडलंच नाही. 1999 मध्ये तेच खेळ पुन्हा विनिपेगला आले, तेव्हा सरकारने माफी मागितली आणि त्यांतल्या काही धावपटूंना ज्योत घेऊन मैदानात आणलं. बत्तीस वर्षांनी. फॉरवर्डवाल्याला विनिपेगवर टीकाच करायची होती, तर हा मुद्दा हाताशी होता. पण त्यासाठी थोडं वाचावं लागलं असतं.

हे आइसलँडी, ते मूलनिवासी, आपण देशी. तिघांची तुलना सरसकट करू नये. आपली मुलं आज ज्या कम्युनिटी सेंटरमध्ये नाव नोंदवतात तिथे फुटबॉल आहे, बास्केटबॉल आहे, आणि मागच्या रिंकवर हौसेने घसरायला फी लागत नाही. नोकरी, परवाने, भाडं, आणि गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री लावायचा ब्लॉक हीटर, अर्ज करण्याआधी विचार करायला एवढे विषय पुरेसे आहेत. त्यांवर कोणी फॉरवर्ड लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन.