आजी दबलेली, नात मोकळी : एका सोप्या सूत्राचा प्रतिवाद

परदेशी स्थायिक झालेल्या अरब कुटुंबांतील आजी, आई आणि नात यांच्यावरच्या कादंबऱ्यांविषयी एक मत समाजमाध्यमांवर ठामपणे मांडले जाते आणि तितक्याच सहजपणे पुढे पाठवले जाते. त्याचा गोषवारा असा : हा प्रकार 2001 च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर अमेरिकी प्रकाशकांनी बाजारासाठी घडवला, या स्त्रिया नवऱ्यामागून मुकाट्याने आलेल्या असतात, आजी दबलेली, आई घुसमटलेली आणि नात अमेरिकेमुळे मोकळी, एवढेच कथानक असते, आणि लेखिका घरची लक्तरे परक्यांच्या वेशीवर टांगतात.

पहिल्या विधानाला एकच नाव पुरेसे आहे. लेबनॉनमधील अमशीत गावची अफीफा करम 1897 मध्ये लग्न होऊन लुइझियाना राज्यातील श्रीवपोर्टला आली, तेव्हा ती जेमतेम किशोरवयीन होती. 1906 ते 1910 या काळात तिच्या तीन अरबी कादंबऱ्या न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाल्या आणि 1912 मध्ये तिने स्त्रियांसाठी स्वतःचे मासिक सुरू केले. इजिप्तमधील ज्या कादंबरीला पुष्कळदा पहिली अरबी कादंबरी म्हटले जाते, तीही करमच्या पहिल्या पुस्तकानंतर काही वर्षांनी आली. 2001 नंतर इंग्रजीतील अशा पुस्तकांना मागणी वाढली हे मान्य करता येईल; परंतु मागणी वाढणे आणि प्रकार जन्माला येणे यांत जवळपास शतकाचे अंतर आहे.

दुसरे विधान इतिहासाला धरून नाही. 1880 च्या सुमारास सुरू झालेल्या आणि स्थलांतरावर निर्बंध घालणाऱ्या 1924 च्या अमेरिकी कायद्याने जवळजवळ थांबलेल्या पहिल्या लाटेत मुख्यतः माउंट लेबनॉन परिसरातील ख्रिस्ती लोक अमेरिकेत गेले. (अरब म्हणजे मुसलमानच, हे गृहीतही या मतामागे दडलेले असते.) 1899 ते 1914 या काळात आलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश स्त्रिया होत्या आणि त्यांतील अनेकजणी पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार माल विकत, अनोळखी घरात स्त्रीला प्रवेश सहज मिळे, म्हणून हा धंदा त्यांना साधलाही. मराठी वाचकांना परिचित असलेल्या खलील जिब्रानची आई कमिला 1895 मध्ये नवऱ्याला मागे ठेवून चार मुलांसह बॉस्टनला आली आणि लेस व कापड विकून तिने घर चालवले. नवऱ्यामागून आलेल्या स्त्रिया होत्याच. पण त्यांनाच सर्व स्त्रियांच्या प्रतिनिधी ठरवले, तर कुटुंबाच्या इतिहासातील मिळवती आजी नाहीशी होते.

तिसरे विधान सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत आळशी आहे. इताफ रम यांच्या 2019 च्या ‘अ वुमन इज नो मॅन’ या कादंबरीतील इसरा 1990 मध्ये पॅलेस्टाइनमधून लग्न होऊन ब्रुकलिनला येते आणि तिचे जग रुंदावण्याऐवजी घराच्या भिंतींपुरते आकसते. सासू फरीदा कठोर आहे, परंतु ती निर्वासितांच्या छावणीत वाढलेली आहे, आणि तिच्या कठोरपणाचा उगम लेखिका केवळ ‘परंपरा’ या शब्दावर ढकलत नाही. म्हणजे ज्या पुस्तकाचा दाखला हे सूत्र मांडणारे सर्वाधिक देतात, तेच अमेरिकेला मुक्तिदात्री मानायला नकार देते.

हला अलयान यांच्या 2017 च्या ‘सॉल्ट हाउसेस’मध्ये तर आजीपासून नातीपर्यंत वर चढणारी ही शिडीच मोडते. जाफा शहर गमावलेले पॅलेस्टिनी याकूब कुटुंब नाब्लुसला येते, 1967 च्या युद्धाने तेही सुटते, आणि कुवेतमध्ये मांडलेला संसार 1990 च्या इराकी आक्रमणाने उधळला जातो. या कुटुंबातील आलियाची एक मुलगी रिहाम आईपेक्षा कितीतरी अधिक धार्मिक होते आणि अम्मानमध्ये राहते. दुसरी, सुआद, पॅरिस आणि बॉस्टन पाहून बैरुतला परतते. यांत कोण पुढे गेले आणि कोण मागे राहिले, याचे उत्तर सूत्राकडे नाही, कारण या स्त्रियांचे आयुष्य युद्धे, सीमा आणि पासपोर्ट यांनीही घडवलेले आहे. 1990 च्या ऑगस्टमधील त्याच आक्रमणानंतर कुवेतमध्ये अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणले गेले, आणि त्यांत गोव्याची व कोकणातील कुटुंबेही होती. त्यांचे नुकसान मोठे होते, पण उतरायला स्वतःचा देश होता. पॅलेस्टिनींना तो नव्हता, आणि युद्धानंतर त्यांच्यापैकी बहुतेकांना कुवेतही सोडावे लागले. हा फरक ज्याच्या लक्षात येतो, त्याला आलियाचा हट्टीपणा निव्वळ स्वभावदोष वाटणार नाही.

उरले लक्तरांचे विधान. घरातील हिंसेविषयी इंग्रजीत लिहिल्यास पूर्वग्रहांना खाद्य मिळेल, ही भीती अरब समाजात खरीच आहे आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मात्र तिच्यावरचा उपाय गप्प राहणे असता, तर करमने मुलींच्या सक्तीच्या विवाहांवर टीका केलीच नसती. आणि तिने ती अरबी भाषेत, अरबी छापखान्यातून, आपल्याच लोकांनी वाचावी म्हणून केली होती. अमेरिकी शेजाऱ्यांना तिची लिपीसुद्धा वाचता येत नव्हती.