केस जायलेत का बे? मग पद्धतशीर घालव

वय पंचवीस, गाव सोलापूर आणि आंघोळीनंतर डोकं पुसलं की पांढऱ्या टॉवेलवर तेरा-चौदा केस. झटकू नको, भावा. टॉवेल खिडकीपाशी ने, उजेडात धर, एकेक केस चिमटीत पकडून बेसिनच्या कडेला ओळीनं लाव आणि नीट मोज. केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसेल, ती दिसली की "मेला, मुळासकट गेला" असं स्वतःशी म्हण. खरं तर मुदत संपून गळणाऱ्या केसाला ती गाठ असतेच आणि मूळ आत कातडीत शाबूत असतं, कुणाचेही दिवसाला 50 ते 100 केस गळतातच, डोक्यावर लाखभर असतात, पण असलं काही वाचत बसू नको, घाबरण्यातली सगळी मजा जाते. आपल्या गावच्या चादरीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, टेरी टॉवेललाही जीआय, आणि त्याच गावचं पोरगं रोज सकाळी टॉवेलला भिऊन उभं. असू दे.

मोजणी झाली की पुरावे गोळा कर. मोबाईलमधले जुने फोटो काढ, चार वर्षांपूर्वीच्या गड्ड्याच्या जत्रेतला तो पाळण्याच्या रांगेतला फोटो असतो बघ प्रत्येकाकडं, संक्रांतीचा वारा सुटलाय, केस उडायलेत, तू उगाच हसायलास. तो झूम कर. आता बाथरूमचा पिवळा दिवा लाव, पुढचा कॅमेरा वरून खाली धर, ओले केस दोन्ही हातांनी मागं ओढ आणि नवा फोटो काढ. ओले केस मागं ओढून असल्या दिव्याखाली फोटो काढला तर सिनेमाचा हिरोसुद्धा निवृत्त मास्तर दिसतो, पण आपल्याला तुलना करायची आहे, न्याय नाही. हे काम रात्री साडेबारानंतर करायचं. दिवसा केलं तर जेवण जातं.

या प्रकाराची एक रीतसर शाळाही आहे, तिथं नाव घाल. जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1951 साली टकलाच्या पायऱ्या आखल्या, मग 1975 मध्ये नॉरवूड नावाच्या डॉक्टरनं त्या सुधारल्या, पुरुषांसाठी एकूण सात. पहिलीत हेअरलाइन जागेवर, दुसरी-तिसरीत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आत शिरते, मग टाळूवर चांद उगवतो, मग पुढचं मैदान आणि मागचा चांद यांच्यामधला बांध फुटतो, आणि सातवी पास झालास की कानावरून मागं जाणारी नुसती एक झालर उरते. एकदम सरकारी कारभार, नापास कुणालाच करत नाहीत. काही जण आयुष्यभर तिसरीतच बसतात, ते नशीबवान.

आता कारण शोधायला लागेल, आणि कारण शोधायचं म्हणजे दोष कुणावर ढकलायचा ते ठरवायचं. आपल्याकडं पहिला नंबर पाण्याचा. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, तोवर बोअरचं, त्यात क्षार, बादलीला पांढरा थर बसतो, मग केस राहतील कसे, असं शेजारचे काका गाडी पुसत पुसत सांगतात. त्याच बोअरच्या पाण्यानं तुझी बहीण कमरेपर्यंतची वेणी धुते, हे काकांना विचारू नको. तेच पाणी तुझ्या मानेवरच्या केसांवरूनही वाहतं आणि तिथं मात्र जंगल आहे, हेही विचारू नको. पाणी काय पत्ता बघून फक्त कपाळावर हल्ला करतं काय? दुसरा नंबर हेल्मेटचा. हेल्मेटमुळं केस गेले म्हणणारा सोलापूरकर मला भेटला ना, की मी आधी त्याचा सत्कार करणार आहे, कारण सात रस्त्याला उभं राहून हेल्मेटवाले मोजायला एका हाताची बोटं पुरतात. तिसरा पुणं. पोरगं हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलं तेव्हा झुलपं होती, हिंजवडीत दोन वर्षं राहिलं आणि दिवाळीला कपाळ घेऊन आलं, म्हणजे पुण्याचंच पाणी वाईट. तिकडं पुण्यात घरमालक त्याला सांगत असतो, तुमच्याकडं ऊन फार ना, त्यानंच गेले.

खरं कारण फार कंटाळवाणं आहे, त्यात ओरडायला माणूस सापडत नाही. अंगातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं, आणि ज्यांच्या पुढच्या आणि टाळूच्या केसांची मुळं जन्मतः त्याला हळवी असतात त्यांची मुळं दर फेरीला आकसत जातात. केस तुटून जातो असं नाही बे, बारीक होत जातो. मागावर वीस नंबरचं सूत होतं, मग चाळीस झालं, मग साठ, नंबर वाढेल तसं सूत बारीक, माग चालूच आहे, आणि शेवटी बाहेर येते ती नुसती लव. मानेकडच्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही, म्हणून ती झालर सुखरूप. याच हॅमिल्टननं 1942 मध्येच दाखवून दिलं होतं की वयात यायच्या आधी ज्यांची वृषणं काढलेली असतात त्यांना हे टक्कल पडत नाही. म्हणजे खात्रीचा उपाय ऐंशी वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. मामांना मात्र हे सांगू नको, मामा कुठल्याही उपायाला एकदा करून बघायला काय जातंय म्हणतात.

हळवेपणा आला कुठून? वारशानं. इथं घरात युद्ध पेटतं. आई म्हणते, "आमच्याकडं कुणाला नाही हं असलं, माझ्या भावाचे केस बघ, ब्रश आहे ब्रश." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "आमच्या अण्णांना कुठं होतं टक्कल?" खरं बघायला गेलं तर यातलं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पोराला एक्स आईकडूनच मिळतो, पण बाकीची बरीच जनुकं दोन्हीकडून येतात, म्हणजे खटला समसमान सुटायला पाहिजे. सुटत नाही, कारण पुरावाच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो काढून बघ, एक जण उघड्या डोक्याचा सापडतोय का. टोपी, फेटा, पटका. लग्नात टोपी, शेतात पटका, गिरणीच्या गेटवरच्या ग्रुप फोटोत दीडशे माणसं आणि दीडशे टोप्या. तीन पिढ्यांचं टक्कल टोपीखाली गेलं बघ, आणि आपण मोकळ्या डोक्यानं फिरणारी पहिली पिढी, म्हणून सगळा गुन्हा आपल्यावर उघडकीला आला.

मामांवर थोडं थांबतो, कारण मामा प्रत्येकाला असतात. मामांचे केस साठीतही दाट. त्यांनी आयुष्यात अंगाच्याच साबणानं डोकं धुतलं, कंगवाही दुसऱ्याचा वापरला, आणि श्रेय देतात करडईच्या तेलाला. "खाल्लं पण तेच, लावलं पण तेच." मग तुझ्यासाठी ते एक बाटली करून आणतात, आत मेथ्या, कांदा, जास्वंद, कढीपत्ता आणि तळाला एक काळं काहीतरी, ज्याचं नाव ते सांगत नाहीत. ती बाटली उघडल्यावर आमच्या घरातलं मांजर दोन दिवस गच्चीवर राहिलं. हसायचं नाही, फार जुनी परंपरा आहे ही, इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका वैद्यकीय पपायरसात टकलासाठी सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून चोळायला सांगितलंय. मामांना फक्त पाणघोडा मिळेना म्हणून कढीपत्त्यावर भागवलं.

आणि तेलानं गुण येतो, असं शपथेवर सांगणारा एक मित्र निघतोच. त्याला टायफॉइड झालेला असतो. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, पोरगं घाबरतं, मामांचं तेल चालू करतं, आणि त्या प्रकारचे केस मुळात आपोआपच परत येणारे असतात, ते काही महिन्यांत येतात. तेल जिंकलं. तुझा प्रकार वेगळा आहे हे त्यालाही कळत नाही, तुलाही नाही, बाटली मात्र वाढत वाढत अर्ध्या गल्लीत पोचते.

या सगळ्यात एक माणूस खरं बोलू शकतो, तो म्हणजे कटिंगवाला, आणि तोच गप्प बसतो. पूर्वी खुर्चीत बसलो की तो विचारायचा, "कसे ठेवू?" गेल्या वर्षापासून विचारणं बंद. पाण्याचा फवारा मारतो, कंगवा कपाळावरून मागं नेतो, एक सेकंद थांबतो, आणि भांग होता तिथून दोन बोटं खाली, कानाच्या दिशेनं पाडतो. मग हलक्या आवाजात, दवाखान्यात बोलतात तसं, "पुढचं राहू दे, बाजूचं कमी करतो." शेवटी मागनं आरसा धरायची पद्धत असते ना, तो आरसा आता इतका खाली धरतो की मला फक्त माझी मान दिसते. इतका सुसंस्कृत माणूस मी अजून बघितला नाही. मी दहा रुपये जास्त ठेवून येतो.

डॉक्टरकडं जायचं? छे. निदान पहिली चार वर्षं तरी अजिबात नको. त्वचारोगतज्ज्ञ बघून पाच मिनिटांत सांगेल की हे अनुवांशिक आहे, लवकर आलास तर आहे ते टिकवता येतं, गेलेलं सगळं परत येत नाही. म्हणून उशिरा जायचं. तो मिनॉक्सिडिल लिहून देईल, जे मूळचं रक्तदाबाचं औषध, गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथं केस उगवायला लागले तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे डोक्यावर लावू, 1988 मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झालं. ते लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे केस जास्तच गळतात, जुने जाऊन नवे यायचे असतात म्हणून. नेमकं तेव्हाच बंद कर. "औषधानंच गेले" असं सगळ्यांना सांग. ज्यांनी चिकाटीनं सहा महिने लावलं आणि फरक दिसला त्यांच्यासाठी दुसरी युक्ती, आता आले म्हणून सोडून द्यायचं, तीन-सहा महिन्यांत होते तिथं. दुसरं फिनास्टराइड, हे प्रोस्टेटचं औषध, कमी डोसात 1997 पासून केसांसाठी. हे डीएचटीच कमी करतं. थोड्या लोकांना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून डॉक्टरशी मोकळं बोलून घ्यायचं असतं, पण आपण ते डॉक्टरशी न बोलता मित्राच्या मित्राशी बोलायचं, ज्यानं ते कधी घेतलेलंच नाही.

थेट ट्रान्सप्लांट कर ना मग. मानेकडची मुळं पुढं लावली तरी स्वभाव मागचाच ठेवतात, न्यूयॉर्कच्या ऑरेन्ट्राइख नावाच्या डॉक्टरनं 1959 मध्ये हे लिहून ठेवलं, सगळा धंदा त्यावर उभा आहे. पंचविसाव्या वर्षीच कर, घाई कर. मागचे गळायचे अजून बाकी आहेत, ते गेले की पुढं लावलेली ओळ तशीच उभी आणि तिच्यामागं मोकळी जमीन, तलावाकाठी कुंपण घातल्यासारखं. सर्जरी करणारा कोण, शिकलाय काय, हे विचारू नको. एका ग्राफ्टचा, म्हणजे लावायच्या एका मुळाचा, भाव तेवढा विचार.

माझ्या एका मित्रानं यातलं काहीच केलं नाही, त्यानं काळी कॅप घेतली. मे महिना, पारा 44, पार्क चौकात चहा पितानाही कॅप. संस्कृतातल्या एका जुन्या सुभाषितात एक टकला उन्हानं डोकं तापलं म्हणून झाडाखाली जातो आणि वरनं फळ पडून डोकं फुटतं, तो नक्की आपल्या भागातला असणार. मित्राला स्थळं बघायला चालू आहेत. बायोडाटावर कॉलेजचा फोटो, प्रत्यक्ष कांदेपोह्यांना कॅप काढावी लागली, घामानं कपाळावर कॅपचा पट्टा उमटलेला. मुलीची आत्या म्हणाली, "फोटोत मोठा भाऊ आहे का?" वास्तविक फोटोतला पाच वर्षांनी लहान होता.

मी म्हटलं, आपण तरी मुळापर्यंत जाऊ. परवा आजीजवळ बसलो, ती शेंगा सोलत होती. विचारलं, "आजी, अण्णांना टक्कल होतं का गं?"

आजीनं दोन शेंगा फोडेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "मला काय ठाऊक बाबा. दिवा मालवल्यावरच टोपी काढायचे ते."

"आणि सकाळी?"

"सकाळी माझ्या आधी उठायचे." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कपाळावर जरा जास्तच वेळ थांबवला, आणि आवाज चढवून आत सांगितलं, "अगं, मामानं दिलेली ती बाटली आण बघू इकडं."