तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमचं म्हणणं असं की आमच्या पायलट प्रशिक्षणाच्या वर्गात चौकशीला आलात तेव्हा 'महिन्याभरात उडाल' असं सांगितलं गेलं, अडीच महिने झाले तरी विमानाला हात लागला नाही, आणि हाताशी आलेलं सेकंडहँड सेसना १७२ हे छोटं विमान माझ्यामुळे गेलं.

पहिल्या दोन्हींत चूक आमची आहे. काउंटरवरून सिम्युलेटरबद्दल, म्हणजे जमिनीवरच उडण्याचा सराव देणाऱ्या यंत्राबद्दल, सांगितलं गेलं, तुम्ही विमान समजलात. समजणारच, माहितीपत्रकातही ते नीट लिहिलेलं नव्हतं. ठाण्यात धावपट्टी नाही. नौपाड्यात आम्ही हवामान, नेव्हिगेशन, हवाई नियम आणि टेक्निकल शिकवतो. उडायला धुळे, बारामतीकडे जावं लागतं. हे आता पहिल्याच पानावर ठळक छापलंय. उरलेली फी परत हवी असेल तर कधीही या, चेक तयार ठेवते.

त्या सेसनाबद्दल मी जे बोलले त्यातला मात्र एकही शब्द मागे घेणार नाही.

तुम्ही लॉगबुकचे, म्हणजे विमानाच्या नोंदवहीचे, फोटो दाखवलेत. इंजिन फक्त ६४० तास चाललेलं, म्हणून तुम्ही खूश होतात. मी बोट ठेवलं ते तारखेवर. ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, होऊन अकरावं वर्ष सरत आलं होतं. त्या लायकमिंग इंजिनाला कंपनीने मर्यादा घातली आहे २००० तासांची किंवा १२ वर्षांची, जे आधी होईल ते. म्हणजे घेतल्यावर वर्ष-सव्वा वर्षात ओव्हरहॉलचा खर्च तुमच्याच गळ्यात. त्यात ते दोन पावसाळे समुद्राजवळ उघड्यावर उभं होतं. इंजिन चाललं नाही की आतल्या भागांवरचं तेल निथळून जातं आणि खाऱ्या, दमट हवेत कॅमशाफ्टला, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्याला, गंज धरतो. बाहेरून रंग छान चकाकत असतो. एवढ्या वर्षांत एवढे कमी तास, हीच मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटली.

त्या दिवशी टेबलावरची सीलबंद बाटली आठवते? वर निळं इंधन, तळाशी बोटभर पाणी, मध्ये स्वच्छ रेघ. टाकी अर्धी रिकामी ठेवून विमान दमट रात्री उभं राहिलं की आत असंच पाणी जमतं, आणि ते इंजिनात गेलं तर टेकऑफलाच इंजिन बंद पडू शकतं. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळाचा ड्रेन उघडून इंधन बाटलीत काढून बघायचं. तुम्ही म्हणालात, "त्याला माणूस ठेवीन." तिथे माझा आवाज चढला. वर्गासमोर तसं बोलायला नको होतं, माफ करा. पण पायलट तुम्ही असाल तर ती बाटली उजेडात धरून तुम्हीच बघायची.

आणि मित्रांकडून भाडं घेऊन शिर्डीच्या फेऱ्या मारायचा हिशेब सोडून द्या. प्रायव्हेट लायसन्सवर पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत.

तुमचं क्लास २ मेडिकल, म्हणजे लायसन्ससाठीची वैद्यकीय तपासणी, अजून व्हायचंय. लायसन्सला उड्डाणाचे किमान ४० तास लागतात, ते फ्लाइंग क्लबच्या विमानावर घाला. रोज पहाटे उठून हँगरला, म्हणजे विमानाच्या शेडला, जायची ओढ तेव्हाही एवढीच असेल, तर विमान बघायला मी स्वतः तुमच्यासोबत येईन, त्याची फी नाही. फक्त मालकाला आधी सांगून ठेवा, फोटो नकोत, मूळ लॉगबुक काढून ठेवा.